विस्तवाचा भाव

आमच्या आतेसासूबाईंइतकी स्वस्ताईला भिणारी बाई उभ्या कोकणात झाली नसेल. महागाईला सगळेच भितात. पण एखादी वस्तू स्वस्त मिळाली की आत्याबाई ती हातात धरायला कचरत. जन्म पेणजवळच्या मिठागरातला. नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही वरसे गावात बिऱ्हाड मांडलं तेव्हा त्या चार दिवसांसाठी आल्या आणि राहिल्याच. मी नवी नवरी, त्यात कॉमर्सची पदवीधर, म्हणजे जगातल्या प्रत्येक वस्तूची किंमत मला ठाऊक. वाल सोलता सोलता मी त्यांना मागणी-पुरवठा समजावून सांगे. त्या ऐकत आणि विचारत, "मिठात ऊन किती जिरलं, त्याचे पैसे कुनी दिले गो? सूर्याला गिऱ्हाईक नाय व्हय?" याचं उत्तर आमच्या पुस्तकात नव्हतं, म्हणून मी प्रश्नच अडाणी ठरवला.

डोंगरातून मोळी घेऊन येणाऱ्या बाईशी त्या घासाघीस करत, पण उलटी. "येवढ्यात नाय घेत मी. चढन बघितलीस का ती?" असं म्हणत भाव वर वर नेत. मोळीवाली धास्तावून माझ्याकडे बघे. घरात गॅसचा सिलिंडर आला, तर त्याच्याकडे पाठ करून त्या कधी बसल्या नाहीत. "इतका बिनकष्टाचा इस्तव? कुनीतरी कुठंतरी भोगत असनार."

आणि त्यांची चूल. त्यांचा भाचा, म्हणजे आमचे हे, जवळच धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत बॉयलरवर होते. हे शिफ्टला गेले की परत येईपर्यंत चूल विझू द्यायची नाही, वर भांडं असो नसो. "रिकामी चूल जाळणं म्हणजे शुद्ध तोटा," मी म्हणे.

"तो तिथं आगीपाशी उभा हाय. त्याच्या जिवाचा घोर कंपनीनं भावात धरलाय? नाय ना? मग तो आपन भरायचा."

एका दुपारी धाटावचा भोंगा अवेळी वाजला आणि वाजतच राहिला. कोणी म्हणे पाइप फुटला, कोणी म्हणे बॉयलर. तिकडून बस येईनात. आत्याबाई हातातलं लाकूड चुलीत घालायचं सोडून दारातून रस्त्याकडे बघू लागल्या. ते मी घेतलं आणि चुलीत सारलं. सरपण संपलं तेव्हा बसायचा पाट घातला. मग भिंतीवरच्या माझ्या पदवीच्या फोटोची चौकट. सागवानी होती, छान जळली. पोळपाटाला हात घातला तेव्हा त्या म्हणाल्या, "तो राहू दे. आला की भुकेला असंल."

दिवेलागणीला हे सायकल ढकलत आले. भुवया होरपळलेल्या, बाकी धड. आत्याबाईंनी त्यांना आधी नखशिखांत चाचपलं, मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता कर हिशेब."

त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. चूलही गेली. माझी सून धाटावला शिफ्टला जाते, आणि ती येईपर्यंत मी शेगडीची एक ज्योत बारीक ठेवते. नात म्हणते, "आजी, वर काहीच नाही. फुकट काय जाळतेस?"

"फुकट नाय गो," मी म्हणते, आणि वाकून बघते, ज्योत आहे ना.