येजो म्हणजे जा, की ये?

देवाला मी फारसा त्रास देत नाही, असा माझा बरीच वर्षं समज होता. पोरीची परीक्षा असली की एक नमस्कार, कुणाचा ताप उतरला की एक नारळ, एवढाच आमचा व्यवहार. पण यंदा होळीनंतर मला गुजरातेतल्या एका निवासी शाळेतून गणिताच्या शिक्षिकेची नोकरी चालून आली, आणि मी देवाच्या अक्षरशः मानगुटीवर बसले. जाऊ की नको, एवढंच त्यानं सांगायचं होतं. त्यानं ते कसं सांगितलं हे आठवलं की मला आधी हसू येतं, आणि मग हात आपोआप जोडले जातात.

मी ब्रह्मपुरीला एका विनाअनुदानित शाळेत शिकवत होते. आमच्या शाळेचं अनुदान फार वर्षांपूर्वी ‘येतो’ म्हणून गेलं ते अजून वाटेतच आहे. त्यामुळं गुजरातेतली कायमची नोकरी, राहायला क्वार्टर आणि मुलीचं शिक्षण तिथंच, हे सगळं ऐकून मला एकदम गरगरायलाच झालं. अडचण एकच होती, आणि ती माझी आई होती. नागभीडच्या रस्त्यावर जंगलाला लागून आमचं गाव आहे. बाबा गेल्यापासून आई तिथं एकटी राहते, धानाची शेती करते, आणि मी तिची एकुलती एक मुलगी. तिला साधी कणकण आली तरी मी दुपारच्या जीपनं तिच्याजवळ पोचत होते. गुजरातेतून ते कसं जमणार होतं? तिला सोडून जायचं म्हटलं की जेवणात मन लागायचं नाही, आणि नोकरी सोडायची म्हटलं की झोप उडायची.

मी घरातल्या सगळ्यांना विचारून पाहिलं. आमचे हे पाण्याच्या पंपांच्या मोटार वाइंडिंगचं काम करतात आणि स्वभावानं इतके शांत, की यांच्यासमोर घराला आग लागली तरी हे आधी चहा संपवतील. म्हणाले, “तुह्या मनानं कर. मोटारी काय, जिथी जाऊ तिथी जळतेतच.” मुलीनं फक्त तिथं वाघ आहेत का एवढं विचारलं. गुजरातेत सिंह असतात म्हटल्यावर ती लगेच तयार झाली. मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, तुमच्या मनानं करा.” जो तो मला माझ्या मनाकडे पाठवत होता, आणि माझं मन तर घरात सापडतच नव्हतं. गुजरातेतल्या शाळेला सोमवारपर्यंत कळवायचं होतं. आईला मात्र मी विचारलं नाही. ती ‘नको जाऊ’ म्हणेल याची मला भीती होती, आणि ‘जा’ म्हणेल याची तर त्याहून जास्त.

शेवटी मी आमच्या घरची रीत धरायचं ठरवलं. आमच्या गावाच्या अलीकडे, रस्त्याला लागून जंगलात, मोहाच्या झाडाखाली वाघोबाचं ठाणं आहे. शेंदूर लावलेला एक दगड, पुढं लाकडाचे दोनतीन वाघ, बाकी काही नाही. आईची पद्धत अशी, की मोठं काही ठरवायचं असलं की वाघोबापुढं मनातलं ठेवायचं, वळायचं, आणि मग माणसाच्या तोंडचा जो पहिला शब्द कानावर पडेल तो देवाचा म्हणून उचलायचा. याला ती ‘शब्द घेणं’ म्हणते. माझ्या लग्नाच्या वेळी तिनं शब्द घेतला तेव्हा रस्त्यावरून जाणारा कुणीतरी नेमका “भिजला, भिजला!” म्हणून ओरडला होता. त्याचं धान भिजलं असावं. आईनं मात्र स्थळाला होकार कळवून टाकला, आणि लग्नाच्या दिवशी अवकाळी पावसात आमचे हे घोड्यासकट भिजले. तेव्हापासून आईचा वाघोबावरचा विश्वास कुणी हलवू शकलेलं नाही.

रविवारी सकाळी मी काळीपिवळी जीपनं निघाले आणि ठाण्याजवळ उतरले. आईकडं जायचा विचारच नव्हता. शब्द घ्यायचा आणि आल्या पावली परत फिरायचं, कुणाला कळायलाही नको. उदबत्ती लावली, नारळ फोडला, डोळे मिटून म्हटलं, बाबा, मी गुजरातेत जाऊ का ते एका शब्दात सांग. मग वळले आणि रस्त्याच्या कडेला कान टवकारून उभी राहिले.

कुणीच काही बोलेना. मोहफुलांचा वास सुटला होता, आणि ना गाडी, ना माणूस. मग पहिला आवाज आला तो वानराचा. आमच्या भागातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे, की वानर असं घशातून खाकरल्यासारखं ओरडायला लागलं की त्याला झाडावरून वाघ दिसलेला असतो. मी देवाकडं शब्द मागितला होता, प्रत्यक्ष दर्शन नव्हे.

तेवढ्यात झाडीतून एक म्हातारी आली. डोक्यावर मोहफुलांची टोपली, हातात काठी. पलीकडच्या गोंड वस्तीवरची असावी. मला पाहून ती चिडलीच.

“काऊन व बाई, इथी एकटी मुकाट काऊन उभी आहेस? वानर बोंबलून राह्यला, आइकू नाई येत काय? मोठ्यानं बोल. मानसाचा आवाज आइकला का वाघ आपल्या रस्त्यानं जाते.”

“काय बोलू?” मी विचारलं.

“काईबी बोल. पन बोलत राह्य.”

आयत्या वेळी गणिताच्या शिक्षिकेला काय सुचणार? मी ओरडून तेराचा पाढा सुरू केला. तेरा साते एक्क्याण्णवपर्यंत म्हातारीनं सोसलं आणि मग म्हणाली, “हे नोको. घरचं बोल.”

मग मी घरचं बोलायला लागले. त्या भर जंगलात, वाघाला ऐकू जाईल अशा आवाजात, मी माझी सगळी अडचण सांगितली. नोकरी, क्वार्टर, न आलेलं अनुदान, ह्यांच्या मोटारी, आणि आई. प्रत्येक वाक्याला म्हातारी “इंगो, इंगो” म्हणत होती. गोंडीत इंगो म्हणजे हो. मी म्हटलं, जावंसं वाटतं. ती म्हणाली, इंगो. मी म्हटलं, आईला सोडवत नाही. ती म्हणाली, इंगो. अशा माणसाशी भांडताही येत नाही. पण त्या ओरडण्यात एक गोष्ट झाली. घरात कुजबुजत बोलताना मी दोन्ही बाजू सारख्या मापानं मांडत असे. इथं ओरडताना माझं मलाच ऐकू आलं, की नोकरीबद्दल बोलताना माझा आवाज खणखणीत लागतोय, आणि आईचं नाव आलं की फाटतोय. मनात काय आहे हे मला पहिल्यांदा कळलं. वाघाला बहुधा आधीच कळलं असावं, कारण वानर गप्प झालं होतं.

“अन तुही माय का म्हनते?” म्हातारीनं विचारलं.

मी म्हटलं, “तिला विचारलं नाही.”

एवढ्यालाच तेवढी ती इंगो म्हणाली नाही. मला वर्गात गृहपाठ न करता उभं राहिल्यासारखं झालं.

इतक्यात जीप आली, पण उलट्या दिशेची. ब्रह्मपुरीकडं नाही, आईच्या गावाकडं जाणारी. वाघाच्या भीतीनं मी दिशा न बघता आत घुसले. म्हातारी चढली नाही. झाडीतून तिच्या जोडीदारणींच्या हाका येत होत्या, तिकडं ती निघाली. मी सवयीनं म्हटलं, “येतो, मावशी.” तीही सवयीनं म्हणाली, “येजो.”

जीप थोडी पुढं गेली आणि मी उडालेच. हाच माझा शब्द होता! बाकी सगळं वाघाच्या आणि घरच्या बोलण्यातलं होतं, पण निघताना देवाच्या दारात मिळालेला शब्द हाच. त्याआधीची म्हातारीची सगळी बडबड मी मोजलीच नाही, भक्ताला तेवढी सूट असते. पण आनंद फार टिकला नाही. आमच्याकडं निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, अपशकुन होतो. ‘येतो’ म्हणायचं, आणि मागं राहणाऱ्यानं ‘येजो’, म्हणजे पुन्हा ये, असं म्हणून निरोप द्यायचा. मग वाघोबानं मला जायचा निरोप दिला, की परत ये म्हणून अडवलं? न राहवून मी शेजारच्या बाईला विचारलं, आणि सगळी जीप कामाला लागली.

ड्रायव्हर म्हणाला, “जानाऱ्यालेच तं येजो म्हनते. म्हंजे जा.”

मागून एक म्हातारबाबा म्हणाले, “जा म्हनाचं असतं तं जाजो नसती म्हनली?”

“जाजो कोनी म्हनते काय, बाबा?” शेजारची बाई त्यांच्यावर खेकसली. “मेलेल्याले म्हनते जाजो! येजो म्हंजे वापस ये. सीधी गोष्ट आहे.”

“वापस याले आधी जा लागते ना, बाई,” ड्रायव्हर म्हणाला, आणि या मुद्द्यावर जीप जी पेटली ती माझं गाव आलं तरी विझली नव्हती. मी उतरले तेव्हा कुणाचं लक्षही नव्हतं.

आई अंगणात सुपात लाखोळीची डाळ पाखडत होती. मी तिला आधी म्हातारीची गोष्ट सांगितली, जरा रंगवूनच. अचानक झाडीतून येणं, वाघ निघून जाणं, तो शब्द, जीपमधला वाद. खरं सांगायचं तर जीपमधून उतरेपर्यंत मी तिला मनातल्या मनात जवळजवळ देवी करून टाकलं होतं. आई म्हणाली, “उजव्या गालावर गोंदन होतं काय? ते तं सोमाबाई. दरसाल मिरच्या नेते माह्यापासून.”

माझा चेहरा पडला. मग मी चाचरत नोकरीचं काढलं, तर सूप न थांबवता ती म्हणाली, “जावई कवाचाच सांगून गेला. माही पान्याची मोटार जळली होती, तवा.”

“मंग तू बोलली काऊन नाई?”

“नौकरी तुले आली का मले? वाट पाहून राह्यली होती, कवा इचारतेस तं. तू वाघोबाले इचारतेस, सोमाबाईले इचारतेस, जीपवाल्याले इचारतेस. माय घरीच आहे.”

मी विचारलं. “जाऊ का, माय?”

आईनं सूप खाली ठेवलं. “तू गेली तं मले करमनार नाई,” ती म्हणाली. “अन नाई गेली तं मले झोप लागनार नाई. करमन्याचं मी पाहून घेईन. मी काय लोनच्याची बरनी आहो काय, झाकून ठेवाले?”

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडले. डाळीचं टरफल केसांत अडकलं ते रात्री घरी गेल्यावर निघालं. सोमवारी होकार कळवला.

शाळा जूनमध्ये सुरू होणार होती. निघायच्या दिवशी आईच्या दारात शेजारपाजार जमला होता. मी तिच्या पाया पडले आणि म्हणाले, “येतो, माय.” आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवला, आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, “जाजो.”

शेजारच्या काकूंनी तोंडावर हातच ठेवला. कुणीतरी “असं काऊन म्हनतेस व?” म्हणून ओरडलंही. तोपर्यंत आई आत वळली होती. आमचे हे सामान उचलत राहिले. मी मात्र गाडीत बसून सगळा रस्ता तो एक शब्द चघळत होते. रागावली का? तुटली का माझ्याशी? की खरंच काही वाईट होणार आहे? देवानं एवढा चांगला शब्द दिला होता, आणि आईनं तो काढून घेतला, असं वाटत होतं.

नव्या शाळेतला पहिला दिवस कसाबसा गेला. मुलांची भाषा मला कळेना, माझी त्यांना. पाढे तेवढे दोघांनाही कळत होते. संध्याकाळी फाटकातून बाहेर पडताना स्वयंपाकघरातली एक बाई ओट्यावर बसली होती. तिनं हसून हात हलवला आणि म्हणाली, “आवजो, बेन.”

मी थबकले. कुठं येऊ म्हणून परत फिरले, तर ती आणखी हसायला लागली. शेजारी मराठी समजणारे एक सर होते, त्यांनी सांगितलं, इथं निरोप देताना असंच म्हणतात. जाणाऱ्याला जा म्हणत नाहीत. आवजो म्हणजे या, पुन्हा या. माझ्या अंगावर काटा आला. वाघोबाच्या दारातून निघताना जो शब्द मिळाला होता, तोच इथल्या फाटकावर माझी वाट पाहत बसला होता. मी इतके दिवस देवाकडं फक्त हो की नाही मागत होते. त्यानं म्हातारी पाठवली, उलटी जीप पाठवली, आईपर्यंत नेऊन बसवलं, आणि मी मात्र एका शब्दाचा कीस काढत होते. ज्याच्यावर भार टाकला त्याला वाटही ठरवू द्यावी, हे मला उशिरा कळलं, पण कळलं. त्या फाटकातच मी हात जोडले. त्या बाईला वाटलं तिलाच जोडले, आणि तेही काही चुकीचं नव्हतं.

क्वार्टरवर जाऊन आईला फोन लावला. “माय, इथी बी येजोच म्हनते. फक्त आवजो म्हनते.”

पलीकडून पाण्याच्या मोटारीची घरघर ऐकू येत होती. मग ती म्हणाली, “वाघोबाले गुजरातीबी येते मंग.”

मी हसले, आणि हसता हसताच विचारून टाकलं, “तू मले जाजो काऊन म्हनली?”

“तवा येजो म्हनली असती, तं तुहं अर्धं ध्यान वापस येन्यातच राह्यलं असतं. तिथी पाय लागला नसता तुहा. आता पोचली ना नीट?”

“पोचली.”

“मंग आता म्हनते,” आई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदा थोडा हलला. “येजो.”

एवढं बोलून तिनं घाईनं फोन ठेवला, कारण धानाच्या बांधीत पऱ्ह्यांना, म्हणजे कोवळ्या रोपांना, मोटारीचं पाणी चालू होतं, आणि मोटार जळली असती तर आता जावई लांब होता.