वाल सोलायला बसवणारी काकी

"इकडं ये. बस. ह्ये जरा सोल."

एवढं बोलून काकी मोड आलेल्या वालांचं पातेलं समोरच्याच्या मांडीवर ठेवून द्यायची. ओळख ना पाळख. तो माणूस बावचळून तिच्याकडे बघायचा आणि मग, का कोण जाणे, मुकाट्याने सोलायला लागायचा.

शहापूरला सरकारी दवाखान्यासमोर, रस्त्याच्या अलीकडे तिची टपरी होती. शेजारच्या मेडिकलमध्ये मी काउंटरला. सकाळी तिच्याकडे चहा, दुपारी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. वाल सोलणं किती किचकट काम, हे तुम्हाला सांगायला नको. जरा जोर लागला की दाणा टुणकन उडून रस्त्यावर. मला आधी वाटायचं, बाई पक्की आहे. ज्याचं माणूस आत आहे आणि ज्याला एका जागी बसवत नाही, असा नेमका हेरते आणि फुकटात राबवून घेते. एकदा मी तसं म्हणालोही.

"काकी, मजूर बरे मिळतात तुला."

"मिळतात ना. हात रिकामे ऱ्हायले का मानूस नको ते इचार करतो. त्या बाबाचे हात बघ."

शेणवे गावाकडचा म्हातारा होता. सुनेला बाळंतपणाला आणलं होतं आणि आत काहीतरी अडलं होतं. मघाशी माझ्याकडून घेतलेली औषधाची पिशवीही त्याच्या हातात ठरत नव्हती. आता तो मान खाली घालून साल काढत होता, आणि काकी त्याला विचारत होती, यंदा भात कुठलं लावलं, रानडुकरं आली होती का. "घाबरू नका, सगळं नीट होईल" असं तिने कधी कोणाला म्हटलं नाही. "मला काय ठाव काय होनार ते? मी काय देव हाय?" असं म्हणायची. वाल शिजले की सोलणाऱ्याला पहिलं ताट. नको म्हणालात तर शिव्या खा.

पण ही बाई रस्ता ओलांडून पलीकडे कधी जात नसे. नर्सबाईंचा चहाही दुसऱ्या कोणाच्या हाती पाठवायची. बसायची ती दवाखान्याच्या गेटाकडे पाठ करून, आणि अँब्युलन्स आली की पदराचं टोक दातात धरायची. नवऱ्याला तिथेच आणलं होतं तिने. बाहेर बाकावर एकटी बसून होती. आतून कोणी आलं ते सगळं संपल्याचं सांगायलाच.

"तवापासून त्या गेटाकडं बघवत नाय," ती म्हणायची. "मला काय झालं ना, तर घरात मरंन. तिथं नाय जायची."

"असं अभद्र बोलू नये काकी," मी म्हणायचो. ती चहा गाळत राहायची.

भातकापणीचे दिवस होते. दुपारी गावाहून फोन आला, तुझ्या बायकोला भारा उचलताना घोणस चावली, टेम्पोत घालून आणतोय. मी जात्याच भित्रा. पाल दिसली तर दुकानाबाहेर येणारा माणूस. टेम्पो दवाखान्यात शिरला तेव्हा तिचा पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. "अहो, जाऊ नका कुठं," एवढंच ती म्हणाली. डॉक्टरांनी लस सुरू केली. म्हणाले, रक्त गोठत नाहीये, ते गोठायला लागलं पाहिजे, आम्ही तपासत राहू, तुम्ही बाहेर थांबा.

मी गेटापाशी येऊन उभा राहिलो. टपरी समोर दिसत होती, पण आतून हाक आली तर, या भीतीने पाऊल उचलेना. आणि हाक येईल याचीही भीती.

मान वर केली तर काकी रस्त्याच्या मधोमध! काखेत पातेलं, दुसरा हात वर करून रिक्षा, टेम्पो थांबवत येत होती. चेहरा पांढराफटक. गेटापाशी पोचली आणि तिने गज घट्ट धरला.

"याच्या पुढं माजे पाय नाय जात, भाऊ. हितंच बसू."

आम्ही मातीतच बसलो. मी सोलू लागलो. लग्नात जेवण काय होतं, बायको पहिल्यांदा रुसली ती कशावरून, काकी विचारत राहिली. आवाज कापत होता तिचा, पण प्रश्न थांबत नव्हते. पुष्कळ वेळाने माझं लक्ष गेलं. सालं मी पातेल्यात टाकत होतो आणि दाणे मातीत! काकी पहिल्यापासून बघत होती.

"असू दे," ती म्हणाली. "आजचं बिरडं मुंग्यांना."

मला हसू आलं, आणि त्याच्या मागोमाग रडू. सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडलो.

दिवेलागणीला नर्सबाई आल्या. रक्त गोठायला लागलं होतं. काकीने हात जोडले, पातेलं उचललं आणि मागे न बघता रस्ता ओलांडून गेली. बायको चालायला लागल्यावर आम्ही दोघं तिला लुगडं द्यायला गेलो, तर म्हणाली, "हिला चालताना बघितली, लुगडं कशाला पायजे?" पण घेतलं.

पुढच्या वर्षी काकीला दम लागायला लागला. मुलगी तिला उंबरमाळीला आपल्या घरी घेऊन गेली. टपरीच्या जागी आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे.

एक दिवस मुलगीच माझ्या मेडिकलमध्ये आली. काकी गेली होती. तेरावंही होऊन गेलं होतं. छातीत दुखायला लागलं म्हणून जावयाने जीप दारात आणली, पण काकी बसेना. चौकट धरून बसली. "तिथं नको नेऊ गो मला," एवढंच म्हणत होती. दोघं तिचं एकेक बोट सोडवत होते, तेवढ्यात संपलं.

"अगं, मला फोन करायचा," मी म्हणालो. "मी आलो असतो. तिच्याजवळ बसलो असतो."

मुलीने डोळे पुसले. "मी बोलले ना तिला, मेडिकलवाल्या भाऊला बोलावते. तर बोलली, 'त्याला नको गो. तो लय भितो.'"