डॉक्टरांनी भरलेल्या फटी

एकतीस वर्षं लोकांना ‘आ करा’ म्हणून झाल्यावर दातांच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला आणि तिसऱ्याच आठवड्यात एक लाकडी बोट गळ्यात बांधून घेतली. लाकडी ठोकळ्यांवर, फाटक्या ताडपत्रीखाली ती नऊ वर्षं धक्क्यावर कोरडी पडून होती. आधीच्या मालकीणबाईंनी “न्या एकदाची” म्हणत कागदावर सही करून दिली. डॉक्टरांना पोहता येत होतं. बोटीतलं मात्र ओ की ठो कळत नव्हतं.

“घेतलीत कशाला?” बायकोनं विचारलं.

“आत डोकावलो. मग राहवेना.”

हे खरंच होतं. एखाद्या गोष्टीच्या पोटात काय आहे ते बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. लग्नात मिळालेला रेडिओ त्यांनी पहिल्याच वर्षी उघडला होता. तो अजून बुटांच्या खोक्यात होता.

अडचण एवढीच, की बंदराच्या कचेरीनं सगळ्या पडीक बोटींना नोटीस चिकटवली होती. महिनाअखेरीला जी पाण्यावर तरंगत नसेल ती फोडून टाकणार. कारकून स्वतः येऊन बघणार होता.

डॉक्टर कामाला लागले. फळ्यांमध्ये फटी होत्या. काहींतून पलीकडचा उजेड दिसे. फट म्हणजे कीड, आणि कीड म्हणजे कोरायची, स्वच्छ करायची, गच्च भरायची, हे त्यांच्या हातांनाच पाठ होतं. दवाखान्यातल्या बारीक आकड्यांनी त्यांनी एकेक फट खरवडली, फुंकर मारून कोरडी केली. मग दोन डब्यांतलं एकत्र केलं की दगडासारखं होणारं लुकण त्यांत दाबून भरलं आणि वरून असं घासलं, की बोटीवरून बोट फिरवलं तर सांधा लागू नये.

बायको जेवणाचा डबा घेऊन आली. तिनं बोटीभोवती एक फेरी मारली.

“चकाचक! आता गुळणी करायला सांगा, आणि म्हणावं, तासभर काही खाऊ नकोस.”

अठरा तारखेला शेजारच्या शेडमधला म्हातारा सुतार येऊन उभा राहिला. बोटी बांधण्यात जन्म गेलेल्या या माणसाला सगळा धक्का मामा म्हणत असे. मामानं भरलेल्या सांध्यावर नख आपटून बघितलं.

“कुणी केलं हे?”

“मी.”

“सुबक आहे,” मामा म्हणाला. “वाईट वाटून घेऊ नका डॉक्टर, पण पाण्यात गेली की ही मोडणार.”

“का?”

“लाकूड पाणी पितं. पिऊन फुगतं. फुगलं की फळ्या एकमेकींना भिडतात आणि फट आपली आपण मिटते. तुम्ही तिथं दगड भरलाय. फळीनं जायचं कुठं? ती चिरणार, नाहीतर आतली बरगडी मोडणार.”

“म्हणजे फट हवी?”

“कोरडी आहे तोवर हवी.”

डॉक्टर ठोकळ्यावर टेकले. पंधरा दिवसांची मेहनत पाण्यात गेली होती, आणि बोट अजून पाण्यात गेलीच नव्हती. पण मनात जे हललं ते दुःख नव्हतं. आपली भेग आपणच भरून काढणारी वस्तू जगात होती, आणि साठीपर्यंत ती त्यांना कुणी दाखवली नव्हती.

“दातांना हे जमलं असतं तर मी उपाशी मेलो असतो,” ते म्हणाले. “पण किती फुगतं? किती दिवसांत? उभं की आडवं?”

“मला परीक्षेला बसवलंय का?” मामा म्हणाला. “आधी सगळं काढा.”

भरण्यापेक्षा काढणं अवघड. खुर्चीतला रोगी निदान कण्हतो. ही काहीच बोलेना. सहा दिवस डॉक्टर कोरत होते. फक्त नाळेजवळचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाचा, उजव्या अंगाचा हातभर सांधा त्यांनी ठेवला. तो इतका सुरेख जमला होता की आकडा लावायला हात धजेना. एवढ्याशानं काय होतंय, असं म्हणून त्यांनी त्यावरून रंगाचा हात फिरवला. मामाला सांगितलं नाही. बाकीच्या फटींत मामानं कापसाच्या सैल वाती बसवल्या.

चोवीस तारखेला यारीनं बोट पट्ट्यांत उचलून पाण्यात सोडली. सगळीकडून पाणी आत आलं. डॉक्टर धक्क्याच्या कडेला धावले.

“पंप आणू?”

“पिऊ द्या तिला.”

दुपारपर्यंत बोट काठोकाठ भरून पट्ट्यांत लोंबकळत राहिली.

“अहो,” बायको म्हणाली, “तरंगवायची होती ना?”

डॉक्टर रोज येऊन धक्क्यावर बसत. बघण्यासारखं काही नव्हतं. फळ्या काय करायचं ते मनातल्या मनात करत होत्या. पाचव्या दिवशी पुढच्या अंगाला ‘कट्’ असा आवाज झाला.

“ऐकलंत?” डॉक्टर खुलले.

“असा आवाज यायला नको होता,” मामा म्हणाला. डॉक्टरांची नजर नाळेकडे गेली.

तीस तारखेला सकाळी दहाला कारकून वही घेऊन आला. “बुडालीय की ही!”

“पितेय,” मामा म्हणाला. “थांबा जरा.”

मामानं, डॉक्टरांनी आणि त्यांच्या बायकोनं बादल्या घेतल्या. पाणी उपसलं तशी बोट वर आली, पट्टे सैल पडले. तासभर सगळे वाट बघत बसले. तळाला थोडं पाणी साचलं आणि तिथंच थांबलं.

“बोटीत बोटभर,” बायको म्हणाली. कारकून हसला नाही. तो नाळेपाशी वाकला होता. पाण्याच्या वर तिथली फळी लांबलचक चिरली होती.

“ही भेग जुनीच का?”

‘हो’ म्हणणं सोपं होतं. नऊ वर्षं पडलेली बोट, कोण विचारतंय? मामाही समुद्राकडे बघत राहिला.

“नाही,” डॉक्टर म्हणाले. “आठवड्यापूर्वी अखंड होती. तिथलं लुकण मी काढलं नाही. फार छान जमलं होतं.”

कारकुनानं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. “मला एवढंच लिहायचंय, तरंगते की नाही.” त्यानं वहीत ‘तरंगते’ लिहिलं. “पण फळी बदला. लाटा चढल्या की पाणी तिथूनच शिरेल.”

तो गेल्यावर मामा म्हणाला, “मला सांगायचं होतंत.”

“लाज वाटली.”

मामा आणखी बोलणार होता, पण डॉक्टर केव्हाच पुढच्या फळीवर पालथे पडून भेगेत आपला छोटा आरसा घालत होते.

“मामा, ही फळी तर नाळेशी वळलीय. नवी सरळ येणार. ती वाकवायची कशी?”

“वाफेवर.”

“किती वेळ?”

मामानं बादली उपडी करून बैठक मारली. “दाखवीन. पण तुम्ही हात लावायचा नाही.”

“बघू तर द्याल?”