फवारलेल्या पाकळ्या

माझ्या भावाच्या प्रयोगाचं वाटोळं म्याच केलं होतं.

बाळूला जाऊन आज वर्ष झालं. फोटोला हार घालून स्टेटस ठेवायचं मला जमत न्हाय. म्हणून हे सांगते.

बाळू कॉलेजात प्रोफेसर. डोक्यात एकच, करडईच्या पाकळ्या.

म्हणायचा, "आक्का, रक्त अडलं की नुकसान होतंच. पण परत सुटलं की लई होतं. तांबड्या पेशी फुटतात."

"नीट सांग."

"लाईट गेल्यावर मोटार जळती का?"

"न्हाय. आल्यावर जळती."

"तेच! मोटारीला स्टार्टर वाचवतो. पेशीला पाकळीचा अर्क वाचवतो का, ते बघायचंय."

जळकोटच्या आमच्या रानात दहिवर हाय तवरच पाकळ्या तोडायच्या. ऊन चढलं की काटे हात फोडतात.
पन्नाशीचा प्रोफेसर, पण काटा घुसला की "आक्काऽऽ" म्हणून बोंब.

"पोरांला शिकवतोस का रडतोस रं?"

"दोन्ही."

एका साली तो यायच्या आधी करडईवर माव्याची कीड पडली. म्या फवारा मारला. पीक वाचवायचं का न्हाय?
त्याला बोलले न्हाय. पाकळ्या धुतल्या की गेलं औषध, असं वाटलं.

त्यानं पाकळ्या नेल्या, अन् पंधरा दिवसांनी फोन.
"आक्का, सगळ्या काचेच्या नळ्यांत पेशी फुटल्या. माझं डोकंच चुकीचं चाललं. बंद करतो."

"जेवलास का?" एवढंच म्या विचारलं.

पाडव्याला आला तो पिशवीभर वह्या घेऊन.
"चुलीला घाल."

मग मात्र सांगितलं. "बाळू, फवारलं होतं म्या."

वाटलं, आता वरडतो.
तर हा खाली बसून हसायलाच लागला.
"म्हंजी माझं चुकलं न्हाय!"
पाच पोळ्या खाल्ल्या त्या दिवशी.

पुढल्या साली करडईची चार तासं, म्हंजी चार ओळी, बिनफवारणीची ठेवली. आमचे हे करवादले. निम्मी माव्यानं खाल्ली.
राहिलेल्या पाकळ्या बाळूनं नेल्या. फोनवर असा वरडला, "आक्का, पेशी टिकल्या! लई टिकल्या!"

औषध-बिवषध झालं न्हाय. नळीतलं नळीतच राहिलं. "पहिली पायरी हाय," म्हणायचा.

तो हसला, म्हणून मी सुटले. पण महिनाभर माझा हुशार भाऊ सोताला बिनडोक समजत फिरला. माझ्या गप्प बसण्यानं.
त्याची माफी मागायची राहिली.

श्रद्धांजली तुमी वाहा.
मला एवढंच म्हणायचंय.

चुकलं माझं, बाळू.