एफ सोळा आणि कडूकांद

मी जव्हारच्या एका दवाखान्यात आजारांना नंबर लावते. डॉक्टर निदान लिहितात, मी ते वाचून त्याचा जगभर चालणारा कोड शोधते आणि संगणकात भरते. हिवतापाला एक कोड, सर्पदंशाला दुसरा, झाडावरून पडून हात मोडला तर हाताचा वेगळा आणि पडण्याचा वेगळा. आमच्या वडिलांना हे काम अजून नीट कळलेलं नाही, पण मोखाड्याच्या बाजारात भेटेल त्याला ते सांगतात, "माझी पोर डॉक्टरांचं अक्षर वाचते." मी एकदा म्हटलं, बाबा, हल्ली डॉक्टर टाइप करतात. तर म्हणाले, "त्या तुला म्हायत, लोकांना कशाला सांगतेस?" खरं सांगायचं तर मलाही या कामाचा अभिमान आहे आणि तो मी मुळीच लपवत नाही.

या कामात एक नियम पक्का आहे. डॉक्टरांनी जे लिहिलं तेच कोड करायचं. आपल्याला काय वाटतं त्याला काडीची किंमत नाही. शंका आली तर जाऊन विचारायचं, मनाने बदलायचं नाही. माझ्यासारख्या फटकळ बाईला हे जड जातं, पण मी पाळते.

शाळांची दिवाळीची सुट्टी संपत आली होती. मोखाड्याहून जीपने येऊन टेबलाशी बसले, चहासुद्धा झाला नव्हता, आणि पहिलंच निदान समोर आलं: भास घडवणाऱ्या पदार्थाचं व्यसन, त्यावाचून राहता न येणं. कोड एफ सोळा पॉइंट दोन. दारूचे कोड मी झोपेतही सांगेन, पण हा कधी लावायची वेळ आली नव्हती. तो शहरातल्या पार्ट्यांचा कोड. मी पेशंटची माहिती पाहिली आणि चक्क हसले. जामसरची बाई, पन्नाशी ओलांडलेली, आश्रमशाळेत स्वयंपाकीण. त्याच शाळेत मी शिकले. याच मावशीच्या हातची डाळ खाऊन वाढले.

हसू फार टिकलं नाही. सुट्टीनंतर कामावर जाताना तिला शाळेत दवाखान्याचा दाखला द्यावा लागणार आणि दाखल्यावर हेच निदान येणार. नशेच्या आहारी गेलेल्या बाईला मुलांच्या चुलीपाशी कोण उभं करील? मी मुख्याध्यापक असते तर मीही केलं नसतं.

डॉक्टरांनी लिहिलेली हकीकत वाचली. रानातला कांद खाल्ला, उलट्या झाल्या, भोवळ आली, दोन वर्षांपूर्वी वारलेल्या नवऱ्याशी बोलत होती. दरवर्षी खाते. त्रास होतो हे माहीत असून खाते. सोडणार का विचारल्यावर नाही म्हणते. पुस्तकाप्रमाणे पाहिलं तर डॉक्टरांचं काहीच चुकलं नव्हतं. सगळी लक्षणं मावशीने स्वतःच्या तोंडाने दिली होती.

पण मी इथल्याच एका पाड्यावरची आहे. हा रानकंद, आमचा कडूकांद, नशेसाठी कुणी खात नाही. तो पोटासाठी खातात, आणि तसाच खाल्ला तर तो चढतो. म्हणून त्याच्या पातळ चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात उकडायच्या आणि टोपलीत भरून रात्रभर ओहोळाच्या वाहत्या पाण्यात ठेवायच्या. कडूपणा पाण्याबरोबर निघून जातो. तरी घरातली जाणती बाई पहिला तुकडा स्वतः चाखते, थोडा वेळ बसून राहते, आणि तिने मान हलवल्यावरच बाकीच्यांच्या पानात पडतो. आमच्याकडे माझी आई चाखायची. आम्ही भावंडं तिच्या तोंडाकडे बघत बसायचो आणि भुकेने तिच्यावर चिडायचो.

मग मावशीने एवढं साधं डॉक्टरांना सांगितलं का नाही? मला तिचाच राग आला. तशीच उठले आणि डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टर लातूरकडचे, नवीन, माणूस ऐकून घेणारा. मी चाखण्याची रीत सांगितली. ते म्हणाले, "असेल तसं. पण हे ती मला बोलली पाहिजे. तुमच्या सांगण्यावरून मी बदलणार नाही." मला ते आवडलं. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. म्हणाले, "चला, पुन्हा विचारू."

मावशी खाटेवर बसली होती, सून पायथ्याशी. गेल्याच उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली पोर, मान खाली घातलेली. डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, कांद तुम्ही चाखायला खाल्ला होता का?"

मावशी म्हणाली, "खाल्ला. मला आवडतो."

"कडू राहिला होता?"

"कडू कशानं रायेल? माझे घरचा कांद कदी कुणाला चढला नाय."

हे ऐकताच सुनेची मान आणखी खाली गेली आणि मला लख्ख कळलं. या वर्षीचा कांद सुनेने केला होता. सासरी आल्यावर तिने केलेला पहिला कांद. तो कच्चा राहिला असं म्हटलं की पाड्यावर तिचं नाव खराब झालं, आणि ते एकदा झालं की पुसायला अर्धं आयुष्य जातं. म्हणून ही बया सगळं स्वतःवर घेऊन बसली होती. पण त्याची किंमत काय, हे तिला ठाऊक नव्हतं.

मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांनीच शांतपणे सांगितलं, "मावशी, हे असंच राहिलं तर दाखल्यावर व्यसन असं येईल. शाळेत तुम्हाला स्वयंपाकाला ठेवणार नाहीत."

मावशीने एकदा सुनेकडे पाहिलं. मग म्हणाली, "येऊ दे."

मला राग आला, आणि खरं सांगते, अभिमानाने ऊर भरून आला. ही माझ्या शाळेची बाई, माझ्या भागातली. नोकरी जात होती आणि पोरीवर शब्द येऊ देत नव्हती.

तेवढ्यात सून बोलली. "कांद मी धुतलेला. रातभर ठेवायचा तो मी संध्याकाळीच काढला. घरात पावणे आलेले, पोरां भुकेली. मला वाटला, झाला आसल."

"तू गप," मावशी म्हणाली.

"नाय गप. त्यांनी चाखला, खाली बसल्या आन् टोपली लाथेनं उडवली. कुणाला तोंडात घालू नाय दिला."

डॉक्टरांनी स्टूल ओढलं आणि सगळं पहिल्यापासून नीट विचारलं. केव्हा चाखते, किती चाखते, एरवी खावासा वाटतो का. "एरवी?" मावशी म्हणाली, "त्या काय खायची चीज हाय? जीभ जळते." डॉक्टरांनी लगेच जाऊन जुनं निदान काढलं आणि स्वतः नवीन टाइप केलं: वनस्पती खाण्यात आल्याने अजाणता झालेली विषबाधा. मी टेबलावर परत येऊन टी बासष्ट पॉइंट दोन भरला, आणि असा तोऱ्यात भरला की शेजारची म्हणाली, लॉटरी लागली की काय.

दुपारी दाखला घेऊन गेले तेव्हा दोघी निघायच्या तयारीत होत्या. मावशीने विचारलं, "आता चूल सुटत नाय ना?"

"नाही सुटत, मावशी."

तिने दाखला पदरात बांधला. सून पिशवी उचलून पुढे झाली, तिचे डोळे अजून सुजलेले होते. मावशीने तिच्या खांद्यावर भार टाकला आणि दाराशी थांबून म्हणाली, "फुडले साली कांद तूच करायचा. आन् पहिला तुकडा पण तूच चाखायचा. मी पोरांत बसन."