सुकटीचं उट्टं

सकाळी सुकटीच्या बरणीचं झाकण काढलं आणि तो वास आला. खारट, उन्हात तापलेला, नाकाला झोंबणारा आणि तरीही भूक चाळवणारा. मूठभर तव्यावर टाकणार, तोच ओट्यावरची भांडी किणकिणली, पंखा जरासा डोलला आणि खालचं कुत्रं भुंकायला लागलं. बसला धक्का. आमच्या पालघरकडे भूकंपाचे हे बारीकसारीक धक्के आता घरच्या माणसासारखे येतात-जातात. जमीन स्थिरावते न स्थिरावते तोच फोन थरथरू लागला. बोईसरच्या आमच्या ग्रुपला जाग आली होती. कुणाला जाणवला का? हिला क्या किसी को? काही नाही हो, माझी बायको जिन्यावरून उतरत होती. हा शेवटचा विनोद कुणाचा ते मी नंबर न बघताही ओळखलं. गॅस बंद केला. त्या माणसाशी माझं जुनं वैर आहे, आणि त्या वैराचा वास ह्या बरणीसारखाच आहे.

तसा आमचा ग्रुप मोठा गमतीचा. वीज गेली की तिथे लग्नासारखी धमाल. कारखान्यांच्या बाजूने उग्र वास आला की आज कुठला सेंट मारलाय म्हणून चौकशा. कुणाची नवी कोरी गाडी हारासकट गटारात जाते, कुणाच्या खिडकीतून माकड शिरून इडलीचं पीठ अंगावर ओतून घेतं, भाषण रंगात आलेलं असताना पुढाऱ्याचं व्यासपीठ बसतं. सगळं तिथे येतं, आणि चहा निवायच्या आत शिळं होतं. हसायला माझी ना नाही, मीही पुष्कळ हसले आहे. पण पडलेल्याला आधी हात द्यावा आणि मग हसावं, एवढी तरी रीत माणसाच्या जातीत असावी की नको?

मी घाटावरची. लग्न होऊन बोईसरजवळ सरावलीला आले तेव्हा सुकट म्हणजे आठवडी बाजारातली कागदाची पुडी, एवढंच माझं ज्ञान. ते वाढवलं किनाऱ्यावरच्या दांडी गावातल्या मावशीने. डोक्यावर टोपली घेऊन ती आमच्या बिल्डिंगचे जिने चढायची, दाराशी टेकायची, पाणी मागायची आणि उपदेश करायची. सुकट भाजायची तर आच मंद ठेव, घाई केलीस तर करपंल, हे तिनेच शिकवलं. मी नाक मुरडलं तर म्हणायची, "वास नको बगू बाय, चव बग." पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, म्हणून त्याआधी घरोघर सुक्या मासळीची आगोट भरायची असते. आमच्या साऱ्या बिल्डिंगची आगोट मावशीकडची. आणि त्या विक्रीवर तिचा पावसाळा.

एका वर्षी पावसाळ्याआधीची तिची शेवटची फेरी होती. टोपली आमच्या मजल्यावर ठेवून ती खाली नळावर तोंड धुवायला गेली, आणि धक्का बसला. नेहमीपेक्षा मोठा. भिंती गुरगुरल्या. आम्ही सगळे पायात चप्पल न घालता खाली धावलो, आणि मावशी वर धावली. साऱ्या गर्दीला कोपरांनी सारत, टोपलीसाठी! ती डोक्यावर घेऊन ताठ उतरलीसुद्धा. पण शेवटच्या पायरीवर तिचा पाय सटकला. सगळी सुकट अंगणभर उडाली, आणि मागून येणाऱ्यांनी ती तुडवली. केसांत, पदरात सुकट घेऊन मावशी मधोमध बसली होती आणि दोन्ही हातांनी मातीतून गोळा करत म्हणत होती, "घर पडलं तर परत बांदू. आगोट गेली, ती कशी भरू?"

तळमजल्यावरचा एकजण तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होता. ग्रुपचा अॅडमिन. त्याच सकाळी त्याच्या घरची आगोट तिने झुकतं माप देऊन भरली होती. त्याने हात पुढे केला खरा, पण त्यात फोन होता. मी तिला उठवेपर्यंत व्हिडिओ ग्रुपवर गेलाही. तिचं बोलणं पुसून त्यावर नागिणीची धून लावलेली, खाली ओळ: सोनं सोडून सुकट वाचवणारी मावशी. संध्याकाळपर्यंत तो दांडीला तिच्या नातवाच्या फोनवर पोचला. पावसाळा सरल्यावर पुढच्या खेपेला ती आली तर नाक्यावरचे रिक्षावाले ओरडले, मावशी, धक्का आला, पळ वर! ती नाक्यावरूनच मागे वळली. सरावलीत तिने पुन्हा पाऊल टाकलं नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. व्हिडिओ काढून टाका म्हणून मी त्याच्या दाराशी गेले. तो हसला. म्हणाला, "ताई, मजा म्हणून घ्या ना." बरं, म्हटलं. घेते. मी दांडीला गेले. किनाऱ्यावर बांबूंना बोंबील टांगत बायका उभ्या होत्या, त्यांना त्याचा फोटो दाखवला. हा तो, एवढंच सांगितलं. एकेकीने फोन हातात घेऊन तो चेहरा निरखला. त्या बायकांना आणखी काही शिकवायची गरज नसते.

पुढच्या वर्षी आगोटीला तो पिशवी घेऊन बोईसरच्या बाजारात आला. सुक्या मासळीवाल्या ओळीने बसलेल्या. तो दिसताच पहिलीने ढिगावर गोणपाट ओढलं. "होती दादा सुकट. पन धक्का आला, पलाली वर." दुसरीची तिच्याच मागे गेली होती. तिसरीने तर हात जोडले. "आता गुरुपवर बगा, तितं गावंल." अख्खा बाजार खदखदला. रिकामी पिशवी काखेत मारून तो माणूस लालबुंद होऊन निघाला. समोर नारळवाल्याच्या आडोशाला मी फोन धरून उभी होते, आणि माझा हात जरासुद्धा हलला नाही. तीच नागिणीची धून लावली, खाली लिहिलं, मजा म्हणून घ्या. काल त्याच्या विनोदांवर लोळणारा ग्रुप त्याच्यावर तुटून पडला. भाऊ, सुकट सापडली का? दोन दिवसांत भाऊंनी ग्रुप सोडला. त्या दिवशीचा चहा काय गोड लागला म्हणून सांगू!

तो गोडवा घेऊन मी दांडीला गेले. मावशीने व्हिडिओ पाहिला, पुन्हा लावायला सांगितला, पदर डोळ्यांना लावून लावून हसली. मग फोन माझ्या हातात दिला. "त्याला हसले, बरं झालं. पन माला हसले त्ये त्यानं पुसलं का बाय?"

येशील ना आता, मी विचारलं. तिने मान हलवली. नाय. आणि माझी पिशवी भरू लागली. तेव्हापासून दरवर्षी मीच दांडीला जात राहिले.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेली. ग्रुपवर बातमी आली: भावपूर्ण श्रद्धांजली, आपली लाडकी सुकट मावशी. सोबत तोच व्हिडिओ. नागिणीच्या धुनेसकट. खाली हात जोडलेले आणि त्यांच्यामध्ये दात काढून हसणारे पिवळे चेहरे. टाकणारा तोच, नव्या नंबराने परत आलेला.

काळ हे सगळ्यावर औषध आहे म्हणतात. मी ते घेतलेलं नाही. लोक विसरतात, जमीनसुद्धा हलून घडीभरात गप्प होते, आणि माणसाचं म्हणून उरतं काय, तर दुसऱ्याच्या फोनमधली त्याची पडझड. असं असेल तर त्याचीही उरू दे. बायकोच्या विनोदावर आज सकाळी त्याला भराभर शाबासक्या मिळत होत्या. मी बाजारातला व्हिडिओ शोधला आणि त्याखाली टाकला. पहिल्यांदा नव्हे. जमीन हलली आणि त्याने तोंड उघडलं की टाकतेच.

मग गॅस पेटवला. बरणीत मावशीच्या हातची शेवटची सुकट उरली आहे. मूठभर तव्यावर पसरली आणि आच अगदी मंद केली. मला कसलीही घाई नाही.