गृहीत न धरणारे साडू

जगात काहीही गृहीत न धरणारा एकच मनुष्य मी पाहिला, आणि तो नेमका माझ्याच वाट्याला साडू म्हणून आला. त्यांच्या या खोडीपायी पोटच्या मुलीचं जमत आलेलं लग्न मोडलं, तेव्हा झाडून सगळ्या नातेवाइकांनी त्यांना नावं ठेवली. मीही ठेवणार होतो, पण मला ती ठेवता आली नाहीत.

खोड लागली ती भोसरीच्या कंपनीत. तिथे कॉम्प्युटर नवा नवा आला होता आणि ओव्हरटाइमचा तक्ता काढणारा प्रोग्राम साडूंनी लिहिला होता. प्रोग्रामचं नाव टाइप करायचं, त्याच ओळीत पुढे महिना, खातं आणि शिफ्ट द्यायची, की तक्ता छापून यायचा. यायचा म्हणजे साडूंच्या मनात असलं तर. कुणी तेरावा महिना टाकला, खात्याच्या जागी शिफ्ट लिहिली किंवा एखादा शब्द जास्तीचा पडला, की प्रोग्राम कामाला हातच लावायचा नाही. काय चुकलं तेवढं सांगून गप्प बसायचा. एकदा खुद्द मॅनेजरसाहेब शिफ्ट टाकायला विसरले आणि तणतणत आले. "अहो, मी रोज सकाळचाच तक्ता बघतो. नाही दिली शिफ्ट तर सकाळची समजायची, एवढं कळत नाही होय त्याला?" साडू शांतपणे म्हणाले, "साहेब, आज तो सकाळ समजेल आणि उद्या रात्रपाळीवाल्याचा ओव्हरटाइम बुडवेल. जे सांगितलं नाही ते विचारायचं. आणि तेही आधी, काम अर्धं झाल्यावर नाही."

कंपनीत हे ठीक होतं हो. पण साडू तो प्रोग्राम अंगात घेऊनच कासारवाडीला घरी यायचे. मेहुणी "भाजी आणा" म्हणाली की कुठली, किती, आजची की उद्याची, असा उलटतपास सुरू. एकदा ती वैतागून "काहीही आणा" म्हणाली, तर हा गृहस्थ मंडईत तासभर फिरून रिकामी पिशवी घेऊन परत! मी "रविवारी येतो" म्हटलं तर "कुठल्या? एकटे की जोडीनं? जेवून की जेवायला?" असं विचारून माझी यायची हौसच फिटवून टाकायचे. त्यांची सुमन मात्र या प्रश्नांच्या घरात अबोल वाढली. तिच्या वाटचं सगळं तिची आईच बोलून टाकायची.

तिला बघायला चिंचवडहून मंडळी आली तेव्हा मी बायकोसह हजर होतो. मुलगा टूलरूममध्ये चांगल्या हुद्द्यावर, घर भलं. पोहे झाले. मुलाच्या मामांनी मांडीवर थाप मारून विचारलं, "मग काय राव, पसंती समजायची ना?" सगळे हसले. मेहुणी साखरेची वाटी घेऊन पुढे झाली.

"थांबा," साडू म्हणाले. "मुलाची पसंती आली. आईवडिलांची आली. तुमची तर दोनदा आली. सुमनची आलेली नाही."

"अहो, मुलीची धरून चालायची असते!" मामा म्हणाले. "गप्प बसलीय म्हणजे होच की."

"गप्प म्हणजे गप्प. त्याचा हो मी कसा करू?" आणि मुलीकडे वळून म्हणाले, "सुमन, तुझं काय?"

इतका वेळ जमिनीकडे बघणारी पोर बापाकडे बघून म्हणाली, "मला नको, बाबा." आवाज एवढासा, पण स्पष्ट.

मंडळी पायताणं घालून चालती झाली. मेहुणीनं स्वयंपाकघरात जाऊन वाटी आदळली. "चारचौघांत विचारायची काय गरज होती? मला विचारलं होतं का कुणी माझ्या वेळी?"

उभ्या आयुष्यात ज्यांना प्रश्न कमी पडला नाही ते साडू भिंतीकडे बघत बसले. मग उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेले आणि कधी ऐकला नव्हता अशा आवाजात म्हणाले, "नव्हतं विचारलं. चुकलंच ते. आता विचारतो. चालेन का मी?"

तिनं पदर तोंडाला लावला. उत्तर काय मिळालं ते मला माहीत नाही, कारण बायकोनं मला खुणेनं उठवलं आणि आम्ही दोघांनी स्टेशनची वाट धरली. वाटभर तिलाही तेच विचारावं असं फार वाटत होतं, पण माझा धीर होईना.